मेट्रोच्या आराखड्यात स्थानकाभोवतालची जमीनही यावी

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

३१ मे २०२५ रोजी इंदूरची मेट्रो सुपर कॉरिडॉर या रुंद रस्त्यावरच्या पाच स्थानकांदरम्यान धावू लागली आणि नव्याची नवलाई ओसरताच डबे रिकामे का, अशी चर्चा सुरू झाली. तिकिटाचा दर, गाड्यांच्या वेळा, मधल्या शहरातला मार्ग भुयारी असावा की खांबांवरचा, या सगळ्यावर लोक हिरिरीने बोलतात. परंतु स्थानकाचा जिना उतरल्यावर पायी दहा मिनिटांच्या टप्प्यात घरे किती, दुकाने किती आणि नोकरीच्या जागा किती, हे फारसे कोणी विचारत नाही. टीसीएस आणि इन्फोसिसची आवारे या रस्त्यावर आहेत हे खरे, पण त्यांच्या मधल्या विस्तीर्ण पट्ट्यात अजून मोकळे भूखंडच अधिक दिसतात, आणि मोकळा भूखंड काही तिकीट काढत नाही.

याउलट बीआरटीएसची, म्हणजे स्वतंत्र राखीव मार्गिकेतून धावणारी, बस २०१३ पासून ए. बी. रोडवर निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा अशी सुमारे साडेअकरा किलोमीटर धावली, आणि तिच्या मार्गिकेविषयी मोटारवाल्यांच्या कितीही तक्रारी असल्या तरी तिला प्रवाशांची वाण कधी पडली नाही. विजयनगरची कार्यालये, पलासियाची दुकाने, भंवरकुआँ भागातले कोचिंग क्लास आणि विद्यापीठ हे सगळे तिच्या वाटेवरच होते. २०२५ मध्ये उच्च न्यायालयाची परवानगी घेऊन ती मार्गिका काढायला सुरुवात झाली, तेव्हा वाद झाला तो रस्त्याच्या रुंदीवर. काठावरच्या जमिनीचा विषय तेव्हाही निघाला नाही. ब्राझीलमधल्या कुरितिबा शहराने १९७० च्या दशकात बसचे मुख्य मार्ग आखले, तेव्हाच त्या मार्गांच्या कडेला उंच आणि दाट वस्तीला मुभा दिली व आतल्या भागात ती मर्यादित ठेवली. त्यामुळे बसला प्रवासी मिळाले आणि रहिवाशांना बस मिळाली.

आपल्याकडे हा विचार अगदीच नवा आहे असेही नाही. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी खंडव्याहून इंदूरला रेल्वे आणण्यासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपयांचे कर्ज दिले. पुढे मालवा मिल, हुकुमचंद मिल अशा गिरण्या उभ्या राहिल्या आणि गिरणीच्या भोंग्याच्या टप्प्यात परदेशीपुऱ्यासारख्या कामगारवस्त्या वसल्या. नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ मध्ये होळकर दरबाराला शहराविषयी जो अहवाल दिला, त्यात घरे, गिरण्या, नदी आणि रस्ते यांचा विचार एकत्र केलेला आहे. आज हे विषय वेगवेगळ्या कार्यालयांत वाटले गेले आहेत. जमिनीचा वापर नगर व ग्राम निवेश विभाग ठरवतो, योजना इंदूर विकास प्राधिकरण आखते, रस्ते व परवानग्या नगर निगमकडे, मेट्रोची कंपनी निराळी आणि सिटी बसची आणखी निराळी.

याचा परिणाम पाहायचा तर रिंग रोडचा इतिहास पाहावा. बाहेरची वाहतूक शहरात शिरू नये म्हणून तो झाला. रस्ता झाला म्हणून कडेच्या जमिनीचे भाव चढले, शोरूम, रुग्णालये आणि कॉलन्या आल्या, आणि बाहेरून जायचा रस्ता शहरातलाच एक गजबजलेला रस्ता होऊन बसला. म्हणून त्याच्या पलीकडे बायपास झाला. आता बायपासच्या दोन्ही अंगांना मॅरेज गार्डन आणि टाउनशिप उभ्या आहेत, लग्नसराईत रात्री तिथे गाड्यांची रांग हलत नाही, आणि म्हणून त्याच्याही पलीकडे आउटर रिंग रोडचे काम हाती घेतले आहे. त्याच्या कडेची जमीन कशासाठी राखायची हे आधी ठरले नाही, तर त्याची गतही निराळी होणार नाही. (आखणी जाहीर होण्यापूर्वी तिची कुणकुण ज्यांना लागायची त्यांना लागलेली असतेच, हा भाग अलाहिदा.)

बायपासलगतच्या कॉलन्यांत आत शिरून पाहिले तर दोष आणखी स्पष्ट दिसतो. प्रत्येक कॉलनायझर, म्हणजे प्लॉट पाडून कॉलनी वसवणारा, आपल्यापुरता नकाशा पास करून घेतो. त्याचा अंतर्गत रस्ता सरळ जातो आणि शेजारच्या कॉलनीच्या भिंतीला जाऊन थांबतो. भिंतीपलीकडे तसाच दुसरा रस्ता उलट दिशेने येऊन थांबलेला असतो. दोन घरांमध्ये भिंतीइतकेच अंतर, पण एकातून दुसऱ्याकडे जायचे तर फाटकातून बाहेर पडून, मुख्य रस्त्यावरून वळसा घालून, दुसऱ्या फाटकातून आत शिरावे लागते. अशा ठिकाणी सिटी बस आत नेणार कशी? बस नाही म्हणून घरटी दोन वाहने, वाहने वाढली म्हणून मुख्य रस्ता रुंद करा, आणि रस्ता रुंद झाला की पुढच्या शेतात प्लॉट पडतात. सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती स्कूटी का दिली म्हणून आपण पालकांना दोष देतो, पण त्या घरापासून शिकवणीच्या वर्गापर्यंत दुसरे साधन कोणते, हेही विचारले पाहिजे.

सध्याची विकास योजना २००८ मध्ये लागू झाली आणि ती २०२१ पर्यंतच्या गरजा धरून केलेली होती. नवी योजना अजून हाती आलेली नाही, मेट्रोचे खांब मात्र उभे राहत आहेत. केंद्राच्या २०१७ च्या मेट्रो धोरणात स्थानकाभोवतीच्या जमिनीचे नियोजन, स्थानकापर्यंत पोहोचण्याची सोय आणि एकात्मिक वाहतूक प्राधिकरण या तिन्हींचा आग्रह धरलेला आहे. तेव्हा प्रत्येक स्थानकाभोवतालचा भू-वापर नव्या योजनेची वाट न पाहता आधी निश्चित करावा, आणि तोपर्यंत त्या परिसरात शेजारच्या रस्त्याला न जोडणारा एकही नकाशा पास करू नये. वाढीव एफएआर, म्हणजे भूखंडाच्या मानाने जास्त बांधकामाची मुभा, द्यायचा असेल तर तो लहान घरे बांधण्याच्या अटीवर द्यावा. जमीनमालकाला घरबसल्या मिळणाऱ्या वाढीव किमतीतला रास्त वाटा पदपथ आणि बससाठी वसूल करावा, कारण ती किंमत सार्वजनिक पैशाने वाढलेली असते.

हे फक्त मेट्रोलाच लागू नाही. महूच्या रेल्वेमार्गावर लोकमान्यनगर आणि राजेंद्रनगर ही स्थानके कधीपासूनची आहेत आणि त्यांच्याभोवती भरवस्ती आहे, आपली मराठी कुटुंबेही तिथे पुष्कळ आहेत. तिथे नव्याने रूळ टाकायचे नाहीत. सकाळ-संध्याकाळ पुरेशा फेऱ्या आणि कॉलन्यांमधून स्थानकापर्यंत चालण्याजोग्या वाटा एवढेच हवे आहे. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, कामगारांना थकबाकी २०२३ च्या अखेरीस मिळाली, आणि आता तिच्या जमिनीवर काय बांधायचे हे ठरत आहे. शहराच्या मधोमध असलेल्या या जागेवर किती माणसे राहतील किंवा कामाला येतील आणि ती कशाने ये-जा करतील, याचा हिशेब बांधकामाच्या नकाशासोबतच जाहीर व्हावा. स्थानकाभोवतालच्या भू-वापराचे मसुदेही नगर निगमच्या झोन कार्यालयांत लावावेत, म्हणजे हरकती वेळेत नोंदवता येतील.

आपला,
एक वाचक
राजेंद्रनगर, इंदूर