‘ब्लॅक पँथर’ मुलांना दाखवण्याआधी

परळ, मुंबई

प्रिय संदीप,
सप्रेम नमस्कार.

अभ्यासिकेतल्या मुलांना ‘ब्लॅक पँथर’ हा चित्रपट दाखवतोयस, फार छान. मात्र डब केलेला लावू नकोस. मूळ आवाज आणि सबटायटल ठेव. वकांडा या चित्रपटातल्या काल्पनिक आफ्रिकी देशाचे लोक आपसात खोसा बोलतात, ती दक्षिण आफ्रिकेतली खरीखुरी भाषा आहे. थोरल्या राजाचं काम करणाऱ्या जॉन कानींची तर ती मायबोली. डबमध्ये हा फरक पुसला जायची भीती असते.

चर्चा बहुतेक वेळा ‘सगळे नट कृष्णवर्णीय’ इथेच अडकते, कारण चेहरे मोजणं सोपं असतं. त्याऐवजी कपडे दाखव. सीमेवरच्या टोळीच्या अंगावर लेसोथोची घोंगडी आहेत. राणीची टोपी झुलू विवाहितांच्या शिरोभूषणावरून घेतलीय. या कामासाठी वेशभूषाकार रूथ कार्टर यांना २०१९ मध्ये ऑस्कर मिळालं.

संग्रहालयाच्या प्रसंगाला थांबव. ‘या वस्तू तुमच्या पूर्वजांनी कशा मिळवल्या?’ असं खलनायक किलमाँगर विचारतो. २०२४ मध्ये लंडनहून साताऱ्याला वाघनखं आली, तीही उसनीच. एवढं सांगितलंस की मुलं आपणहून बोलू लागतील.

मग फळ्यावर दोन रकाने आख: किलमाँगरचा प्रश्न आणि त्याचा मार्ग. जगभर आपली माणसं चिरडली जात असताना सगळं असलेला वकांडा गप्प का बसला, हा प्रश्न खरा आहे. वकांडाचा राजा, नायक टी’चालाही पूर्वजांना ‘तुम्ही चुकलात’ असं सुनावतो. पण तोच प्रश्न विचारणारा प्रेयसीवर गोळी झाडतो, बागेतल्या म्हातारीचा गळा धरतो. लेखकांनी त्याला क्रूर केलं आणि प्रश्न बाजूला सारायची सोय करून घेतली, मला हे फार खटकतं. सीआयएचा माणूस मात्र सरळ सज्जन! त्यावरही मुलांना बोलू दे.

नावावरून गोंधळ नक्की होईल. कॉमिकमधलं पात्र आलं जुलै १९६६ मध्ये, अमेरिकेतल्या ऑकलंडची ब्लॅक पँथर पार्टी, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी संघटना, स्थापन झाली ऑक्टोबर १९६६ मध्ये. ढसाळ, ढाले, ज. वि. पवार यांच्या दलित पँथरनं १९७२ मध्ये आपल्या मुंबईत नाव घेतलं ते या पार्टीवरून, कॉमिकवरून नव्हे. चित्रपटही ऑकलंडच्या चाळवजा इमारतीपाशी सुरू होतो, तिथेच परततो.

सव्वादोन तास लागतील, चारला सुरू कर. आणि श्रेयनामावली आली म्हणून दिवे लावू नकोस. संयुक्त राष्ट्रांतला प्रसंग तिच्या मध्येच आहे.

तुझा,
अजय