टाकी रिकामी, पंप गरम

संपादक महोदय,

साताऱ्यात २२ वर्षं माझं गॅरेज आहे. गेल्या महिन्यात एक गिऱ्हाईक १२ वर्षांची गाडी दोर बांधून ओढत घेऊन आलं. फ्युएल पंप, म्हणजे टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ढकलणारा पंप, जळालेला. ‘रोज २०० रुपयांचंच टाकतो,’ असं सांगत होते. अहो, इंजेक्शनच्या, म्हणजे इंजिनात पेट्रोल दाबाने फवारणाऱ्या गाडीत पंप टाकीतच बुडालेला असतो, पेट्रोलच त्याला गार ठेवतं. काटा कायम तळाला, मग पंप तापणारच! कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल-हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) जुन्या गाड्यांत पंप बहुधा इंजिनावर असे, तिथे हे खपून जाई. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. ते हवेतली ओल ओढून घेतं, जुने रबरी पाइपही खराब करतं. टाकीत हवा कमी तर ओलही कमी, म्हणून पावसाळ्यात टाकी निम्मी तरी भरलेली ठेवा. पाइप नुसते बघायचे मी पैसे घेत नाही.

– एक गॅरेजवाला, सातारा