जवारी लावून गेलेल्या काकांना

रविवारी सांगलीत आमच्या हौशी वाद्यवृंदाने माझी नवी रचना वाजवली. व्हायोलिन, चेलो आणि मधोमध मिरजेचा तानपुरा. व्हायोलिनच्या मोकळ्या तारांशी जमावं म्हणून मी तो पेटीच्या काळी एक या सुरावरून पांढरी दोनला चढवला आणि जवारीच, म्हणजे तारांची ती घुमणारी गुंज, गेली! (हौस माझीच.) मिरजेहून एक काका आले, तारा जिच्यावर टेकतात ती घोडी हलकेच घासली, तारांखालचे दोरे सरकवले. तानपुरा पुन्हा बोलू लागला. २०२४ मध्ये मिरजेच्या तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते अशाच हातांमुळे. चहाखेरीज काही घेतलं नाही, नावही सांगितलं नाही. काका, मनापासून आभार. पंख्याने स्वरलिपीचे कागद उडताना घरून कपड्यांचे चिमटे आणणाऱ्या मावशी, तुमचेही. चिमटे माझ्याकडेच राहिलेत, बारा आहेत.