तळमजल्यावरच्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

जिन्यात भेटल्यावर मी आभार मानले की तुम्ही दर वेळी हात हलवून "त्यात काय एवढं!" म्हणता आणि आत जाता. म्हणून आज लिहायलाच बसले. पत्र उघड लिहिते आहे, कारण तुमच्या हातातली विद्या आमच्या घराबाहेरही चार जणांना कळावी असं मला मनापासून वाटतं.

लेकीला शाळेत 'टाकाऊतून टिकाऊ'साठी वस्तू न्यायची होती. आम्ही दोघींनी मिक्सरच्या खोक्याचा पुठ्ठा कापून तिच्या टेबलावरच्या सामानासाठी खणाखणांचा ट्रे केला, त्यात फॉइलच्या रोलच्या नळ्या चिकटवल्या, वरून निळा कागद लावला. सकाळी उठून बघतो तर तळ द्रोणासारखा वाकलेला, कागदावर फुगे आणि मधली भिंत चेपलेली. ती रडत रडत तो कचऱ्यात टाकायला निघाली आणि तुम्ही दारात उभे होतात. "टाकू नकोस बाळा. कुठे चुकलं ते तरी बघू."

तुम्ही ती चेपलेली भिंत सोडवलीत, तिच्या हातात दिलीत आणि कडेला डोळा लावून आत बघायला सांगितलंत. पुठ्ठ्याच्या पोटात नागमोडी कागदाच्या बारीक नळ्या असतात. आमच्या भिंतीत त्या आडव्या होत्या. "खांब आडवा ठेवून घर उभं राहील का?" एवढंच विचारलंत. तिने तो तुकडा उभा धरला, वरून तळहाताने दाबला, मग आडवा धरून दाबला. तिचा चेहरा मला अजून दिसतो. त्या दिवसापासून घरात आलेल्या प्रत्येक खोक्याच्या नळ्या कुठल्या दिशेने आहेत हे आधी बघितलं जातं.

तळ वाकण्याचं कारणही तसंच समजावलंत. ओला कागद पसरतो, वाळताना आखडतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. म्हणून खालच्या बाजूलाही तसाच कागद लावायचा, म्हणजे दोन्हीकडची ओढ सारखी होते. मग रात्रभर वजनाखाली ठेवायचं. चाळीस वर्षं तुम्ही पुस्तकं आणि व्यापाऱ्यांच्या रोजमेळाच्या वह्या बांधल्यात, तुमच्यासाठी ही रोजची गोष्ट. आम्हाला ती कोणी सांगितलीच नव्हती.

खळ तुम्ही आमच्याच गॅसवर शिजवलीत. दोन चमचे मैदा, कपभर पाणी, गुठळी राहू द्यायची नाही, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळत राहायचं. बाइंडर खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात, पण ते विषारी, आणि पोरीचे हात त्यात जाणार, म्हणून ते टाळून दोन दिवसांपुरतीच खळ केलीत. फेविकॉल फक्त सांध्यांना. कागदाला खळच, कारण ती लगेच धरत नाही आणि लहान हाताला कागद सरकवायला उसंत मिळते. खळ लावलेला कागद दोन मिनिटं तसाच ठेवायला लावलात. आधी पसरू द्यायचा, मग चिकटवायचा, म्हणजे फुगे येत नाहीत. मग मधून बाहेर हात फिरवायचा.

कटर तेवढा तुम्ही हातात घेतलात. बाकी एकही गोष्ट तिच्याऐवजी तुम्ही केली नाहीत. काका, मला सगळ्यात जास्त आभार याचे मानायचे आहेत. मी असते तर वेळ वाचवायला पट्टी तिच्या हातून काढून घेतली असती. तुम्ही आधी तिला तिच्याच पेन्सिली मोजायला बसवलंत. नवी पेन्सिल साडेसतरा सेंटिमीटर, सगळ्यात छोटी जेमतेम सात. म्हणून नळ्या तीन मापांच्या झाल्या: बारा, नऊ आणि पाच. सातची पेन्सिल बाराच्या नळीत बुडून जायची, आता पाचच्या नळीतून डोकं वर काढून उभी असते. खोडरबर, शार्पनर आणि पिना सहा आगपेट्यांच्या कप्प्यांत गेल्या. प्रत्येक कप्प्याला दोऱ्यात ओवलेला एक मणी, ओढायला. ट्रे उलटू नये म्हणून तळाच्या दोन थरांमध्ये फरशीचा तुकडा घालायची कल्पना मात्र तिची, आणि तुम्ही ती ऐकून खरोखर खूश झालात.

कोपऱ्यांना लावलेलं ते लाल कापड तुम्ही ट्रंकेतून काढलंत. लक्ष्मीपूजनाच्या चोपड्या बांधताना उरलेला तुकडा इतकी वर्षं जपून ठेवला होता तुम्ही. तो कापताना क्षणभर थांबलात, ते मी पाहिलं.

शाळेतून ट्रे परत आला आहे आणि रोज वापरात आहे. सकाळी "माझं शार्पनर कुठंय?" ही हाक बंद झाली. एक आगपेटी तिने रिकामी ठेवली आहे आणि तिच्यावर 'काका' असं लिहिलं आहे. आत काय ठेवायचं ते तुम्हालाच विचारणार आहे.

रविवारी चार वाजता घरी आहात ना? तिच्या वर्गातल्या दोघी आपापले पुठ्ठे घेऊन येणार आहेत. खळ मी शिजवून ठेवते, गुठळी न होऊ देता.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची शेजारीण