खापर काढून ठेव, आई

ती. बाबा आणि ती. आई,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बोलता बोलता बाबा थांबले आणि म्हणाले, "पोरी, तुला एक गाव काही आम्ही देऊ शकलो नाही." मागून आईचा भांड्यांचा आवाज येत होता, तोही थांबला. मी तेव्हा विषय बदलला. पण रात्री झोप लागेना, म्हणून लिहायला बसले.

आधी खरं ते सांगते. मला त्रास झाला होता. चौथीची सहामाही संपली, बाबांची बदली झाली आणि आपण तापीवरच्या हतनूर धरणाच्या वसाहतीतून निघालो, तो ट्रक अजून डोळ्यांपुढे आहे. पत्र्याची पेटी, उलट्या बांधलेल्या खाटा, तुळशीचा डबा आणि मागची फळी धरून उभी असलेली चौकीदारकाकांची पोर. ती रडली नाही, मी रडले. बाबांशी त्यानंतर किती दिवस धड बोलले नव्हते! साक्रीकडच्या नव्या शाळेत माझ्या तोंडून "तुह्यं-माह्यं" निघालं की पोरी खिदळायच्या. घरी आपली अहिराणी, पण वसाहतीतल्या पोरांत राहून जिभेवर लेवा बोली बसली होती. मधल्या सुट्टीत मी डबा घेऊन टाकीमागं जाऊन बसायची. हे तुम्हाला आजवर सांगितलं नव्हतं.

तरी बाबा, तुमचं म्हणणं मला पटत नाही.

आई, तुझं विरजण आठव. कुठल्याही गावी सामान उतरलं की चूल पेटायच्या आधी तू माझ्या हातात वाटी द्यायचीस आणि शेजारच्या घरी पाठवायचीस. मला फार लाज वाटायची. अंमळनेरला गेलो तेव्हा मी सातवीत होते. पेटी उघडली तर आत फडक्यात बांधलेला दह्याचा डबा! मी म्हटलं, आई, विरजण तर आहे आपल्याकडे. तू म्हणालीस, "ते राहू दे, तू जा." गेले. त्या काकूंनी वाटीबरोबर मला घरात घेतलं, नाव विचारलं, कुठून आलात विचारलं, आणि त्यांची धाकटी माझ्यामागं आपल्या ओट्यापर्यंत आली. दुसऱ्या दिवशी तू वाटी परत पाठवलीस ती शेंगदाण्याच्या चटणीनं भरून. मग तिकडून कैऱ्या आल्या. तुमचं हे देणंघेणं आपण धुळ्याला जाईपर्यंत संपलं नाही. ती धाकटी आता नाशिकला असते, आणि माझ्या लेकीच्या बारशाला सगळ्यांच्या आधी ती हजर होती.

आणि बाबा, साक्रीकडं असताना तुम्ही मला सायकलच्या दांड्यावर बसवून पांझरा नदीवरचे बंधारे दाखवायला न्यायचात. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे मोठे भाग म्हणजे फड, हे मला तिथं कळलं. प्रत्येकाच्या जमिनीचे तुकडे वेगवेगळ्या फडांत, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, पाणी सोडायचं ते पाटकऱ्यानं, आपापलं कोणी घ्यायचं नाही. पाणी कमी असलं तर एखादा फड सगळ्यांनी मिळून पडीक ठेवायचा. सरकारी कालव्यावर नोकरी करणारा माणूस त्या जुन्या दगडी बंधाऱ्यांपुढं कौतुकानं उभा राहायचा, हे मी पाहिलंय. परतताना कोणत्याही मळ्यात तुम्हाला हाक यायची. उसाची कांडी, भुईमुगाचे वेल, काही ना काही माझ्या दप्तरात पडायचं. वर्षभरात त्या खिदळणाऱ्या पोरींपैकी दोघी माझ्या बाकावर बसायला लागल्या, कारण त्यांच्या घरी तुम्ही "पाटाचे भाऊ" झाला होतात.

चौकीदारकाकांच्या पोरीचं सांगायचं राहिलं. तिची पोस्टकार्डं आपल्या मागोमाग गावं बदलत आली. लग्नानंतर ती वरणगावला, मी सुरतेला. ऑगस्ट 2006 मध्ये सुरतेत पूर आला, तेव्हा आम्ही अडाजणला तळमजल्यावर राहत होतो. आदल्या दिवशी तिचा फोन आला. "धरणाचे दरवाजे वर केले वं, पानी तुह्याकडंच येऊन राह्यलं. पोरीला घे अन वर जाय." आम्ही शेजाऱ्यांच्या तिसऱ्या मजल्यावर गेलो, दुसऱ्या दिवशी आमच्या घरात छातीइतकं पाणी होतं. हतनूरचं पाणी उकाई धरणात येतं आणि उकाईतून सुरतेत, हे आम्हा दोघींना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. लहानपणी आम्ही त्या 41 दरवाजांपैकी किती उघडलेत ते मोजायचो, आणि दर वेळी भांडायचो, कारण तिचा आकडा माझ्याहून एकानं जास्त असायचा. एवढ्या वर्षांनी ती त्याच पाण्यावर नजर ठेवून होती, माझ्यासाठी.

इथं सुरतेतल्या उधन्यात श्रावणात आपली खान्देशी कानबाई देवी बसते, तेव्हा बायका विचारतात, तुमचं गाव कोणतं? अंमळनेर म्हटलं की कोणीतरी बोरी नदीतल्या वैशाखातल्या यात्रेचं काढतं. साक्री म्हटलं की दुसरी सरकून जवळ येते. हतनूर म्हटलं की वरणगावची निघतेच एखादी. बाबा, तिथं मी गप्प बसून राहिले असं एकदाही झालं नाही.

तेव्हा मनाला लावून घेऊ नका. आजोबांचं घर भाऊबंदकीत गेलं, त्यात तुमची चूक नव्हती. बदलीचा कागद तुमच्या हातात नव्हता. जे हातात होतं ते तुम्ही दोघांनी दर वेळी पहिल्याच दिवशी केलंत.

आता कामाचं. अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला मी येतेय, चार दिवस राहीन. वरणगावहून तीही येणार आहे, तिला या वेळी मांडे शिकायचेच आहेत. आई, माळ्यावरचं मांडे भाजायचं मातीचं खापर काढून ठेव. एसटीत दर वेळी गोधडीत गुंडाळून तू ते मांडीवर घेऊन बसायचीस, पेटीत कधी ठेवलं नाहीस. त्याला तडा गेलाय का ते उजेडात धरून बघ, गेला असेल तर मला आधी कळव. माळ्यावर तू चढू नकोस, शेजारच्या मुलाला सांग. गहू आणि डाळ मी आणते. बाबा, स्टँडवर यायचं नाही, गुडघ्याला जपा, आम्ही दोघी रिक्षानं येऊ.

विरजण मात्र घरात ठेवू नकोस. या वेळी मी लेकीला वाटी देऊन पाठवणार आहे.

तुमची,
ताई