परीक्षणासोबत कादंबरीचा एक उतारा तरी छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मध्यंतरी तुमच्या रविवार पुरवणीत एका नव्या मराठी कादंबरीचं परीक्षण आलं होतं, ते वाचून मी ती लगेच मागवली आणि काल रात्री 138व्या पानावर मिटून ठेवली, आता पुन्हा उघडेन असं वाटत नाही. नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण लेखकावर माझा राग नाही आणि ज्यांनी वाचलीये त्यांना पुढच्या मजकुरावरून कळेलच. पण हातात घेतलेलं पुस्तक अर्धवट सोडायची माझी ही पहिलीच वेळ आणि ते मला खरंच लागलंय.

विषय माझ्या अगदी जवळचा. तीन भाऊ, आजारी वडील, घर विकायचं की ठेवायचं. परीक्षणात हे सगळं सविस्तर होतं आणि शैलीबद्दल फक्त 'धाडसी प्रयोग' एवढंच. त्या दोन शब्दांत काय काय भरलंय ते पुस्तक उघडल्यावर समजलं. अवतरणचिन्हं नाहीत, परिच्छेद नाहीत, एक वाक्य सुरू झालं की दीड-दोन पानं थांबतच नाही. हॉस्पिटलचा एक प्रसंग आहे, तिघे भाऊ वडिलांच्या कॉटपाशी उभे आहेत आणि ऑपरेशनच्या कागदावर सही करायची की नाही यावर बोलतायत, तर तिथे तो म्हणाला, मग तो म्हणाला, मग तो खिडकीपाशी गेला, असंच चालू राहतं आणि यातला 'तो' कोण हे काही केल्या लागत नाही. मी पेन्सिल घेऊन समासात थोरला, मधला, धाकटा असं लिहीत बसले, चार वेळा मागे जाऊन वाचलं, तरी ऑपरेशनला नको कोण म्हणालं ते मला आजही माहीत नाही. आणि पुढची सगळी भांडणं नेमकी त्यावरूनच होतात हो!

याच कादंबरीत नवरा-बायकोची बोलणी आहेत ती मात्र तशाच लिखाणात सरळ वाचता येतात, कारण 'मी येतो' आणि 'मी येते' एवढ्यावरूनच मराठीत कोण बोलतंय ते कळून जातं. तीन पुरुष बोलायला लागले की तो आधार जातो, मग लेखकाने दुसरा काहीतरी द्यायला हवा ना?

अवघड लिहू नये असं माझं म्हणणं अजिबात नाही. 1998 साली नोबेल मिळालेल्या पोर्तुगीज लेखक सारामागोची 'ब्लाइंडनेस' ही कादंबरी मी इंग्रजीत वाचलीये, त्यातही अवतरणचिन्हं नाहीत आणि पात्रांना नावंसुद्धा नाहीत, पण डॉक्टर, डॉक्टरची बायको, काळ्या चष्म्याची मुलगी अशी प्रत्येकाची ओळख धरून ठेवलेली आहे, शिवाय बोलणारा बदलला की स्वल्पविरामानंतर कॅपिटल अक्षर येतं. देवनागरीत कॅपिटल अक्षरच नाही! म्हणजे ती पद्धत जशीच्या तशी मराठीत आणली तर वाचकाच्या हातात फक्त स्वल्पविराम उरतो. आपल्या जुन्या मोडी कागदांत शब्दही न तोडता लिहायचे, विरामचिन्हं मराठीत रुळली ती एकोणिसाव्या शतकात, मेजर कँडी या इंग्रज अधिकाऱ्याच्या वगैरे प्रयत्नांनी, त्यामुळे त्यांच्याशिवाय मराठी लिहिताच येत नाही असं कोण म्हणेल? पण ती काढल्यावर त्यांचं काम कोण करणार हे लेखकाने ठरवलेलं असावं.

अमेरिकन कादंबरीकार फॉकनरला 1956 च्या एका मुलाखतीत विचारलं होतं की दोन-तीनदा वाचूनही तुमचं लिखाण काहींना समजत नाही, त्यांनी काय करावं, तर तो म्हणाला चौथ्यांदा वाचा. त्याच फॉकनरला आपल्या 'द साउंड अँड द फ्युरी' या कादंबरीचा पहिला भाग वेगवेगळ्या रंगांच्या शाईत छापून हवा होता, वाचकाला काळ कुठे बदलला ते दिसावं म्हणून. म्हणजे वाचक अडकणार याची त्याला काळजी होती. मला हेच हवंय, अवघड असो पण वाट असावी.

ओळखीतल्या दोघातिघांना सांगितलं तर उत्तर ठरलेलं, तुला सोप्याची सवय झालीये, मोबाइलमुळे लक्ष लागत नाही. असेलही कुणाचं तसं, पण मी हॉस्पिटलच्या त्या चार पानांवर तीन रात्री घालवल्यात, लक्ष नसलेलं माणूस एवढं करत नाही.

म्हणून तुम्हाला कळकळीची विनंती आहे. परीक्षणात कथानकाची जागा थोडी कमी करा आणि त्याजागी कादंबरीतला एक उतारा छापा, सुरुवातीचा नको, मधलाच कुठलातरी, दहा-बारा ओळी पुरेत. वाक्यं कशी आहेत, बोलणारा ओळखू येतो का, परीक्षकाला स्वतःला कुठे मागे जावं लागलं हेही लिहा. ज्याला तसलं लिखाण आवडतं तो त्या दहा ओळी वाचूनच पुस्तक घेईल आणि माझ्यासारखीला आधीच कळेल की हे सुट्टीत, निवांत, सलग वाचायचं पुस्तक आहे, दिवसभराच्या कामानंतर रात्री अर्धा तास वाचायचं नाही.

आणि त्या हॉस्पिटलच्या प्रसंगात नको कोण म्हणालं, मधला की धाकटा, हे कुणा वाचकाला नीट कळलं असेल तर याच सदरात जरूर लिहा. मला खरंच जाणून घ्यायचंय.

आपली,
एक नियमित वाचक