चि. बाबूस, मनूच्या फुटबॉलविषयी

डिचोली

चि. बाबूस अनेक आशीर्वाद.

रविवारी रात्री तू फोनवर बराच वेळ बोललास आणि मी नुसतं ऐकून घेतलं. मनूला लागून चेंडू आपल्याच गोलात गेला, सामना एका गोलाने हरला, सरांनी तिला बाहेर बसवलं आणि आता अकादमी बदलावी असं तुझ्या मनात आहे. फोनवर उत्तर दिलं असतं तर आपण दोघंही एकमेकांना तोडत राहिलो असतो. म्हणून लिहिते आहे. सूनबाईलाही वाचायला दे. मनूला मात्र नको.

आधी सेल्फ गोलचं. 2022 मध्ये मुलींचा 17 वर्षांखालचा विश्वचषक भारतात झाला. त्याच्या दोन्ही सेमीफायनल आपल्या फातोर्ड्याला झाल्या होत्या, तुला आठवत असेल. फायनल नवी मुंबईत, स्पेन विरुद्ध कोलंबिया. सामना 1-0 असा सुटला आणि तो एकुलता एक गोल 82व्या मिनिटाला कोलंबियाच्याच आना मारिया गुझमानकडून झाला. सतरा वर्षांची पोर, विश्वचषकाची फायनल, आणि सेल्फ गोल. पुढच्याच वर्षी ती कोलंबियाच्या मोठ्या संघातून विश्वचषक खेळत होती. मधल्या काळात जर्मनीच्या बायर्न म्युनिकने तिला घेतलंही होतं. जमैकाविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात तिच्याच लांब पासवर कातालिना उस्मेने गोल केला आणि कोलंबियाच्या बायका पहिल्यांदा उपांत्यपूर्व फेरीत गेल्या.

बचावातला खेळाडू चेंडूच्या वाटेत जातो म्हणून चेंडू त्याला लागतो. जो लांब उभा राहून बघतो त्याच्याकडून सेल्फ गोल कधी होत नाही. तूच सांगितलंस की मनू मागे धावत आली आणि पाय घालायला गेली. आठ वर्षांचं मूल आपला गोल वाचवायला धावतं, ही मला त्या सामन्यातली सगळ्यात चांगली गोष्ट वाटते. अमुक एका चेंडूला पाय घालायचा की नाही हे तिला पुढे समजेल. पण त्या एका धावण्याबद्दल तिला घरात बोलणी बसली, तर पुढच्या वेळी ती धावणारच नाही. मग कोणताही कोच आणा, तो तिला ते धावणं शिकवू शकणार नाही.

आता दुसरं, आणि हे मी जरा स्पष्टच लिहिते. फोनवर तू म्हणालास, 'मी किती ओरडून सांगत होतो, बाहेर मार, बाहेर मार!' बाबू, तेच करू नकोस.

शाळेत मी पीटी शिकवत होते तेव्हा सुब्रतो कप या शालेय फुटबॉल स्पर्धेच्या तालुका पातळीवरच्या सामन्यांना मुलांना घेऊन जायचे. मैदानाच्या कडेला पालक आले आणि ओरडायला लागले की कोणत्या मुलाचा बाप आलाय हे मला विचारावं लागत नसे. ते मूल चेंडू पायात आला की आधी कडेला बघायचं. तेवढ्यात चेंडू जायचा. फुटबॉलमध्ये लहान मुलांनी शिकायची मुख्य गोष्ट हीच असते की चेंडू आल्यावर काय करायचं ते आपलं आपण ठरवायचं. पास द्यायचा, घेऊन पळायचं, की बाहेर मारायचा. तू 'पास दे' म्हणेपर्यंत समोरची मुलगी दोन पावलं सरकलेली असते, म्हणजे तुझा सल्ला पोहोचतो तेव्हाच जुना झालेला असतो. शिवाय तिकडून सर वेगळंच सांगत असतात. आठ वर्षांच्या मुलीने वडिलांचं ऐकायचं की सरांचं? दोघांपैकी एकाला नाराज करण्याची भीती घेऊन ती पळत असते.

गोव्यात हे जास्तच होतं, त्यालाही कारण आहे. 1883 मध्ये फादर विल्यम लायन्स यांनी शिवोलीत हा खेळ आणला तेव्हापासून आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लोक मैदानाभोवती उभे आहेत. आपल्या गावात कापणी झालेल्या शेतातसुद्धा सामना लागला की बांधावर उभा असलेला प्रत्येक काका-मामा पूर्वी कधीतरी फॉरवर्ड खेळलेला असतो. मला हे आवडतं. त्या वातावरणातच आपली पोरं खेळाडू झाली. पण मोठ्यांच्या सामन्यात ओरडणं आणि अंडर-9च्या पोरांवर ओरडणं यात फार अंतर आहे. टाळ्या वाजव. दुसऱ्या टीमच्या मुलीने चांगला गोल केला तरी वाजव. मनूचं नाव घेऊन सूचना देऊ नकोस, आणि रेफरीला तर काहीच बोलू नकोस. लहान मुलांचे सामने बहुतेकदा अठरा-वीस वर्षांची पोरं चालवतात, तीही शिकत असतात. त्यांना चार पालकांनी घेरलं की ती शिट्टी खाली ठेवतात, आणि पुढच्या वर्षी सामने घ्यायला माणूस मिळत नाही.

गप्प राहणं म्हणजे लक्ष नसणं असं मात्र होऊ देऊ नकोस. तुझे बाबा आठवतात ना? दुकान बंद करून यायचे आणि कुंपणाला टेकून उभे राहायचे, एक शब्द बोलायचे नाहीत. तुला तेव्हा वाटायचं की बाबांना फुटबॉलमधलं काही कळत नाही. पण रात्री जेवताना ते विचारायचे, 'तो सतरा नंबरचा मुलगा डाव्या पायाचा होता का रे?' आणि मग तू अर्धा तास सामना सांगत बसायचास. तू काय चुकलास हे त्यांनी कधी काढलं नाही, सामन्यातल्या एखाद्या गोष्टीबद्दल कुतूहल दाखवलं. मनूच्या बाबतीत तेवढं कर. गाडीत बसल्या बसल्या सामन्याचा विषय काढू नकोस. तिला भूक लागलेली असते, पाय दुखत असतात, आणि हरल्याचं तिला तुझ्याइतकंच ठाऊक असतं. म्हापशाहून पर्वरीला पोहोचेपर्यंत ती गप्प बसली तर बसू दे. बोलली तर ऐक. ती घरी मैत्रिणीच्या नव्या शिनगार्डबद्दलच, म्हणजे नडगीच्या पट्ट्यांबद्दलच, बोलली तर तेही ऐक, कारण तिच्या दृष्टीने तो त्या सामन्याचाच भाग असतो.

अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अमांडा व्हिसेक यांनी फुटबॉल खेळणाऱ्या मुलांना विचारलं होतं की खेळताना मजा कशाने येते. मुलांनी मिळून 81 गोष्टी काढल्या. जीव तोडून खेळणं, टीममध्ये एकमेकांना साथ देणं, कोचने चांगलं वागवणं ही वर होती. जिंकणं 48व्या जागी. मी हे वाचलं तेव्हा नवल वाटलं नाही. सामना संपल्यावर दहा मिनिटांत मुलं स्कोअर बाजूला ठेवून नळावर पाणी उडवताना मी वर्षानुवर्षं पाहिली आहेत. स्कोअर घरापर्यंत नेतात ते पालक.

आता सरांनी तिला बाहेर बसवलं त्याबद्दल. इथे तुझं म्हणणं मला पूर्ण चूक वाटत नाही. चुकीची शिक्षा म्हणून आठ वर्षांच्या मुलाला बेंचवर बसवणं मला मान्य नाही. पण सरांनी सगळ्यांना खेळायला मिळावं म्हणून बदल केला असेल, तर ते बरोबरच आहे. भारतीय फुटबॉल महासंघाने 2018 मध्ये गोल्डन बेबी लीग सुरू केल्या त्या सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी. छोटं मैदान, कमी खेळाडू, मुलं-मुली एकत्र. हे सगळं एवढ्यासाठीच की प्रत्येकाच्या पायाला चेंडू जास्त वेळा लागावा. म्हणून सरांना सरळ विचार, की सगळ्या मुलांना साधारण सारखा वेळ मिळतो का आणि जागा बदलून खेळवता का. सामन्याच्या दिवशी विचारू नकोस. प्रॅक्टिस संपल्यावर, मनू जवळ नसताना, शांतपणे विचार. एखाद्या दिवशी सर तिला गोलमध्ये उभी करतील, तर तीही शिक्षा समजू नकोस. ताळगावचे ब्रह्मानंद शंखवाळकर भारताचे कर्णधार झाले, 2022 मध्ये पद्मश्री झाले, ते गोलकीपर म्हणूनच.

अकादमी बदलायचीच तर कारणं वेगळी असावीत. कोच मुलांचा अपमान करतो, दुखत असताना खेळायला लावतो, पाणी प्यायला थांबू देत नाही, तीच चार मुलं दर वेळी बेंचवर बसतात, मुलींसाठी धड बाथरूम नाही किंवा कपडे बदलायला आडोसा नाही. यातलं काही दिसलं तर एक दिवसही थांबू नकोस. सामना हरली म्हणून मात्र नको. तिच्या मैत्रिणी तिथे आहेत, आणि या वयात मुलं मैदानावर येतात ती बरीचशी मैत्रिणींसाठी.

एक गोष्ट तुझ्या लक्षात आली नसेल. मनू नोव्हेंबरची. गट जन्मवर्षावर ठरतात, म्हणजे तिच्याच गटात जानेवारीत जन्मलेल्या मुली तिच्याहून दहा महिन्यांनी मोठ्या. आठव्या वर्षी दहा महिने म्हणजे तिच्या सबंध आयुष्याचा दहावा हिस्सा. त्यांची उंची जास्त, पाय लांब, धक्का लागला तर मनू पडणार. कितीतरी देशांच्या लहान वयाच्या संघांमध्ये वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं जास्त निवडली गेलेली आढळली आहेत, कारण निवडणाऱ्याला मोठं मूल हुशार वाटतं. तिची तुलना त्या उंच मुलीशी करशील तर दोघींवर अन्याय होईल.

हेडिंगचा, म्हणजे डोक्याने चेंडू मारण्याचा सराव आत्ता नको. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने 2015 मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडिंग बंद केलं, आणि इंग्लंडने 2020 मध्ये प्राथमिक वयाच्या मुलांच्या सरावातून ते काढलं. घरी तू आणलेला 5 नंबरचा चेंडू मोठ्यांचा आहे, 68 ते 70 सेंटिमीटर घेराचा. तो कपाटावर ठेव. मनूला सध्या 3 नंबर पुरे, पुढे 4. मोठा चेंडू मारताना लहान मुलं अख्खं अंग मागे टाकतात आणि ती सवय मग जाता जात नाही. बूट घेताना वाढत्या पायाचे म्हणून दोन नंबर मोठे घेऊ नकोस, बोट आत सरकतं आणि नखं काळी पडतात. टाच दुखते असं ती म्हणाली तर 'होईल बरं' म्हणून सोडू नकोस. आठ ते चौदाच्या दरम्यान टाचेच्या वाढणाऱ्या हाडावर ताण येऊन दुखणं हे खेळणाऱ्या मुलांत नेहमीचं आहे. विश्रांतीने ते बरं होतं, पण दुखत असताना पळवलं तर लांबतं. डॉक्टरांना दाखव.

खाण्यापिण्याचं सूनबाई बघते, तिला मी काय सांगणार. सामन्याच्या दोन-तीन तास आधी हलकं जेवण, जाताना एखादं सालदाटी केळं, आणि पाणी भरपूर. आपल्याकडच्या दमट हवेत घाम वाळत नाही, मूल तापत जातं आणि खेळाच्या नादात ते त्याला कळत नाही. घरी आल्यावर उकड्या तांदळाची पेज आणि लोणचं. बाटलीतल्या रंगीत पेयांची तिला गरज नाही.

परतीचा पाऊस सुरू आहे, म्हणून हे विशेष. दुपारनंतर ढग गडगडायला लागले की सामना कितीही रंगात असो, मुलांना मैदानावरून आत पक्क्या इमारतीत किंवा गाडीत घेऊन जायचं. झाडाखाली नाही. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर 30 मिनिटं बाहेर काढायचं नाही. 'पाचच मिनिटं राहिलीत' असं कोणी ना कोणी म्हणतंच. तिथे मात्र तू ओरड. बाकी पालकांना वाईट वाटलं तरी चालेल.

मनू एक दिवस म्हणेल की मला फुटबॉल नको, चित्रकला हवी. त्या दिवशी फीचा, बुटांचा, रविवारी सकाळी लवकर उठण्याचा हिशेब तिच्यापुढे मांडू नकोस. सुरू झालेला मोसम टीमबरोबर पूर्ण कर एवढं सांग, मग तिची तिला मुभा दे. आणि खेळत राहिली तर तेही तिच्याच हौसेने. फातोर्ड्याला भरलेलं स्टेडियम बघून तुझे डोळे कसे चमकतात ते मला माहीत आहे. ते स्वप्न वाईट नाही, फक्त ते तिच्या दप्तरात भरू नकोस.

पुढच्या रविवारी मी पहिल्या बसने येते. मनूला सांग, आजी सामना बघायला येणार आहे. हरणं-जिंकणं काही बोलू नकोस. सरांशी मंगळवारी बोलून घे आणि काय म्हणाले ते मला कळव. माझ्यासाठी घडीची खुर्ची गाडीत टाक, गुडघे फार वेळ उभं राहू देत नाहीत.

सूनबाईला आणि मनूला आशीर्वाद.

तुझी आई